तोंडून स्तुती निघत नसेल तर

वाचक भगिनीचे पत्र

आदरणीय ताई, सप्रेम सलाम. आम्ही खानापूर तालुक्यातले. गेल्या पावसाळ्यात भाताची लावणी चालू असताना माझ्या यजमानांना लकवा मारला. उजवा हात-पाय आणि वाचा गेली. आमची मंडळी जुन्या मेथडिस्ट वळणाची, प्रार्थना हळू आवाजात करणारी. चार महिन्यांपासून मी दर शनिवारी बेळगावात एका प्रार्थनासभेला जाते. तिथे पहिला पाऊण तास फक्त स्तुती-आराधना असते. त्यात मागणे, रडणे, गाऱ्हाणे आणायचे नाही असा नियम आहे. माझा घसा दाटतो, मला गाता येत नाही. तिथल्या एका भावांनी सांगितले की तुमच्या तोंडून स्तुती निघत नाही म्हणून आशीर्वाद अडला आहे, आणि लकव्याबद्दलही देवाचे आभार माना. घरी कॉलेजात जाणारी मुलगी विचारते, देवाला एवढी स्तुती कशाला लागते, तो काय कचेरीतला साहेब आहे? मला दोघांनाही उत्तर देता येत नाही. यजमान बोलत नाहीत, पण सासऱ्यांच्या वेळची गीते कानावर पडली की त्यांचे ओठ हलतात. मी प्रार्थना कशी करू?

उत्तर

प्रिय भगिनी,

तुम्हांला आणि यजमानांना सलाम. तुमच्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एका वाक्याचा निकाल लावते, कारण ते वाक्य मनात घेऊन तुम्ही रोज त्यांच्या अंथरुणाशी बसत असाल, तर पुढचे काही वाचून उपयोग होणार नाही. तुमच्या तोंडून स्तुती निघत नाही म्हणून यजमान बरे होत नाहीत, हे खरे नाही. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि त्याने दोन्ही नाकारले, हे योहानाच्या नवव्या अध्यायात तुम्ही संडेस्कूलपासून वाचत आला आहात. लकवा येतो तो मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याने किंवा तिथली रक्तवाहिनी फुटल्याने. तुमच्या दाटलेल्या घशाचा त्याच्याशी काही संबंध नाही. सांगणाऱ्या भावांचा हेतू वाईट असेल असे मी म्हणत नाही, परंतु दुखणाइताची सेवा करणाऱ्या बाईच्या डोक्यावर आजाराचे खापर फोडणे मला गंभीर चूक वाटते आणि ती मी सौम्य शब्दांत लिहिणार नाही.

आता मुलीचा प्रश्न. तो उद्धटपणाचा आहे असे समजून तिला गप्प करू नका. आपल्या भागात कचेरीतला अर्ज म्हणजे काय असतो ते तिने पाहिले आहे. बाहेर बसलेल्या लिहिणाऱ्याकडून तो कन्नडमध्ये लिहवून घ्यायचा, त्याने वर साहेबांच्या गौरवाचे कोणते शब्द घातले ते आपल्याला नीट कळतही नाही, आणि तरीही ते घातल्याशिवाय कागद पुढे सरकणार नाही अशी आपली खात्री असते. तुमच्या शनिवारच्या सभेतली स्तुती तिला तशीच दिसते आहे, आणि तुम्हांलाही मनातून तशीच दिसत असावी, म्हणून घसा दाटतो. दुसऱ्याने लिहून दिलेले गौरवाचे शब्द, पुढच्या मागणीवर डोळा ठेवून उच्चारलेले, यालाच आपण खुशामत म्हणतो. पन्नासाव्या स्तोत्रात देव स्वतः सांगतो की मला भूक लागली तरी ती मी तुला सांगणार नाही, कारण रानातले सगळे पशू आणि हजार डोंगरांवरची गुरे माझीच आहेत. कॅथलिक मिस्सामधील (म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनाविधीतील) एका प्रास्ताविक प्रार्थनेत तर याजक देवालाच उद्देशून म्हणतो की तुला आमच्या स्तवनाची गरज नाही, आमच्या स्तवनाने तुझ्या थोरवीत काही भर पडत नाही, आणि उपकार मानण्याची आमची इच्छाही तूच दिलेली देणगी आहे. तेव्हा मुलीला निःशंक सांगा की देवाला स्तुती लागत नाही, आणि हे ख्रिस्ती मंडळी भर उपासनेत मोठ्याने कबूल करते.

मग ती करायची कशाला? अर्जाऐवजी घरच्या पत्राचा विचार करून पाहा. वडिलांना पत्र लिहिताना आपण वर ‘तीर्थरूप’ लिहीत असू. त्या मायन्यामुळे वडील खूश होऊन पैसे पाठवतील असे कोणाच्या मनात येत नसे. आपण कोणाला लिहीत आहोत हे लिहिणाऱ्याच्याच लक्षात त्याने राहत असे, आणि पुढचा सगळा मजकूर, त्यातली पैशांची मागणीसुद्धा, त्या नात्याच्या सुरात लिहिली जात असे. प्रार्थनेतल्या स्तुतीचे पहिले काम मला तरी हेच दिसते. आपण घाबरलेले असतो तेव्हा ज्याच्याशी बोलायचे तो हळूहळू दिसेनासा होतो आणि फक्त आजार, कर्ज, दवाखान्याचे बिल एवढेच डोळ्यांपुढे उरते. मग प्रार्थना म्हणून आपण जे करतो ती डोळे मिटून केलेली काळजी असते. देवाचे नाव घेणे, तो कोण आहे हे त्याच्यासमोर उच्चारणे, याने तो पुन्हा समोर येतो.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेची घडण या दृष्टीने एकदा पाहा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हा मायना आहे. त्यानंतर ‘तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे येते. ही वाक्ये गौरवाची आहेत, परंतु त्यांचे रूप मागण्यांचे आहे. ‘तू किती पवित्र आहेस’ असे येशूने शिकवले नाही. तुझे नाव पवित्र मानले जावो, असे मागायला शिकवले. म्हणजे आधी पाऊण तास स्तुती आणि मग मागणे अशी भिंत त्याच्या प्रार्थनेत नाहीच. स्तुती आणि मागणे एकाच श्वासात येतात आणि लगेच पुढच्या ओळीत भाकर येते. शेवटचे ‘राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत’ हे वाक्य मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, आणि लूकने दिलेल्या आखूड प्रार्थनेतही ते नाही. आरंभीच्या मंडळीने प्रार्थना म्हणता म्हणता शेवटी ते जोडले. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते, कारण ते वाक्य भाकरीच्या, क्षमेच्या आणि सुटकेच्या मागणीनंतर आले आहे. मागून झाल्यावर ज्यांच्या तोंडून स्तुती निघाली, त्यांची ती भर आहे. आणि या प्रार्थनेच्या अगोदरच येशूने बजावले आहे की व्यर्थ बडबड करू नका, तुमच्या गरजा तुमच्या पित्याला तुम्ही मागण्यापूर्वीच ठाऊक आहेत.

सभेतल्या भावांच्या बाजूचेही सांगते. स्तुतीने आरंभ करण्याची शिकवण त्यांनी स्वतःच्या मनाने काढलेली नाही. शंभरावे स्तोत्र उपकारस्मरण करीत द्वारांत आणि स्तवन करीत अंगणात यायला सांगते, आणि मोठ्या आवाजाच्या प्रार्थनेला आपल्या मराठी मंडळीतही जुना आधार आहे. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झाले, त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत होत्या. परंतु तिथे आधी रडणे आणि पापांची कबुली आली व आनंदाची गीते मागाहून आली, हे आज संजीवनाचे दाखले देणारे सांगायला विसरतात. उलट बाजूला, बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले आणि १९०४ साली ते मेथडिस्टांकडे आले, म्हणजे तुमच्या सासऱ्यांची हळू आवाजातली प्रार्थनाही काही कालची नाही. आवाजाच्या मोठेपणावरून उपासनेचा खरेपणा मोजू नये, दोन्हीकडच्यांनी.

अशा सभांत यहोशाफाट राजाची गोष्ट बहुधा सांगितली जाते. दुसऱ्या इतिहासाच्या विसाव्या अध्यायातली ही कथा ‘गायकांना सैन्यापुढे ठेवले आणि शत्रूचा नाश झाला’ एवढीच सांगितली, तर स्तुती हे शस्त्र आहे असे वाटते आणि ते ज्याला चालवता येत नाही तो हरला असेही वाटते. तो अध्याय तुम्ही घरी सावकाश वाचा. राजा आधी घाबरला, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. त्याने उपवास पुकारला. मंदिराच्या अंगणात, बायका-मुलांसह उभ्या असलेल्या लोकांसमोर, त्याने देवाची थोरवी सांगितली खरी, परंतु लगेच तक्रारही केली की ज्यांचा आम्ही पूर्वी नाश केला नाही तेच आता आम्हांला हाकलायला आले आहेत, आणि शेवटी म्हणाला की आमच्यात बळ नाही, काय करावे ते कळत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. मग मंदिरात सेवा करणाऱ्या एका लेव्याच्या मुखातून अभयवचन आले. ते ऐकून राजाने भूमीपर्यंत मस्तक लववले. गायक सैन्यापुढे निघाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे गाणे हे मिळालेल्या वचनाला दिलेले उत्तर होते. तुम्ही त्या अध्यायात अजून मंदिराच्या अंगणातच उभ्या आहात आणि तुम्हांला पुढच्या सकाळचे गाणे आज म्हणायला सांगितले जात आहे. अंगणातली प्रार्थनाही त्याच अध्यायातली आहे.

फिलिप्पैच्या तुरुंगातले पौल आणि सीला यांचे उदाहरणही तुम्ही ऐकले असेल. पाय खोड्यात अडकवलेले असताना मध्यरात्री ते प्रार्थना करीत व गीते गात होते, भूकंप झाला, दारे उघडली. यात एक बारीक गोष्ट आहे जिच्याकडे लक्ष जात नाही: दारे उघडल्यावर ते पळाले नाहीत. बंदिशाळेचा नायक जीव द्यायला निघाला तेव्हा पौलाने ओरडून सांगितले की आम्ही सगळे येथेच आहोत. सुटण्यासाठी गाणारा माणूस दार उघडल्यावर बसून राहत नाही.

बायबलातली स्तोत्रे तर गाऱ्हाणे आणू नका या नियमाला अजिबात जुमानत नाहीत. त्या पुस्तकाच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘स्तवने’ असा आहे, आणि तरीही त्यातल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना विलाप स्तवनांत धरण्यात काही अडचण वाटली नाही. तेरावे स्तोत्र ‘कोठवर?’ या प्रश्नाने सुरू होते, तो प्रश्न चार वेळा येतो, आणि सहा ओव्यांतच ते गाण्यापर्यंत पोहोचते. बाविसावे ‘माझ्या देवा, तू मला का सोडलेस’ असे विचारते, आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी तेच आले. अठ्ठ्याऐंशीवे मात्र कुठेच पोहोचत नाही. ते अंधारात संपते, आणि तसेच ठेवले गेले. ज्या रात्री तुम्हांला दुसरे काही वाचता येणार नाही त्या रात्री हे वाचा. देवाला उद्देशून आहे, एवढ्यावरच ते प्रार्थना ठरले आहे.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, तुकोबा त्याच्याशी हक्काने भांडतात, आणि त्यांना कोणी अभक्त म्हणत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्या पुलावरून भजन आणि अभंग आपल्या मंडळीत आले, तसा देवाशी मोकळेपणाने बोलण्याचा तो धीटपणाही यायला हवा होता. तो थोडा कमी आला, असे माझे मत आहे.

तुमच्या तालुक्यात कोंकणी बोलणारी कॅथलिक घरे पुष्कळ आहेत. एखाद्या शेजारणीला विचारा. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या जागरणापर्यंतच्या उपवासकाळात त्यांच्या मिस्सामध्ये ‘आलेलुया’ म्हटले जात नाही, आणि गौरवगीतही त्या काळात सणांचे दिवस वगळता बंद असते. मंडळीच स्वतः होऊन वर्षातले काही आठवडे तो शब्द ओठांवर आणत नाही. तुमचा उपवासकाळ पंचांगाच्या बाहेर आला आहे, इतकेच.

लकव्याबद्दल आभार मानण्याविषयी. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करा असे आहे. स्थितीत, स्थितीबद्दल असे नाही. इफिसकरांस पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असेही शब्द आहेत, ते मी लपवत नाही. परंतु हे शब्द कसे जगायचे ते पाहायचे असेल तर येशूचा मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी जा. तिथे येशू रडला. आणि तिथेच, धोंड काढल्यावर, त्याने वर पाहून पित्याचे आभार मानले. कशाबद्दल, तर तू माझे ऐकले म्हणून. लाजराच्या मरणाबद्दल त्याने आभार मानले नाहीत. तुम्हीही आजाराबद्दल मानू नका. आजारातल्या दिवसात जे खरोखर मिळाले त्याबद्दल माना, मग ते शेजारच्या भावजयीने आणून दिलेले कालवण असो की यजमानांच्या बोटांत आलेली किंचित हालचाल. आणि ज्या दिवशी तसे काही सापडणार नाही, त्या दिवशी ओढून ताणून शोधू नका.

एका शब्दाकडे तुमचे लक्ष वेधते, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे असे मला वाटते. आपण रविवारच्या भक्तीला ‘उपासना’ म्हणतो. उप म्हणजे जवळ, आणि आसन म्हणजे बसणे. स्तुती ही बोलण्याची गोष्ट आहे. उपासना ही जवळ बसण्याची. (पलीकडे कन्नड मंडळीत ‘देवरिगे स्तोत्र’ म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ देवाला स्तुती, धन्यवाद असा असतो, आणि आपण मराठी माणसे ‘स्तोत्र’ ऐकले की गीताचा क्रमांक शोधू लागतो, शब्दांची अशी गंमत सीमेवर रोजच चालते.) बायबलात ज्याचे भाषांतर भजन, नमन, आराधना असे निरनिराळे होते, त्या हिब्रू आणि ग्रीक शब्दांचा मूळ अर्थही लोटांगण घालणे, वाकणे असा आहे, त्यालाही आवाज लागत नाही. न बोलणाऱ्या माणसाजवळ बसणे म्हणजे काय हे तुम्हांला गेल्या पावसाळ्यापासून जितके कळले आहे तितके आमच्यासारख्या सदर लिहिणाऱ्यांना कळलेले नाही. देवाजवळही तसेच बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे की आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे. रात्री त्यांचे आवरून झाल्यावर दिवा बारीक करण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे बसा, त्याहून जास्त नको. ‘हे पित्या’ एवढेच म्हणा आणि थांबा. मग जे असेल ते, अगदी रागसुद्धा, आपल्या घरच्या बोलीत सांगा. छापील मराठीत नको, सभेतल्या शब्दांत नको. मिळाले असेल त्याचा एक उपकार माना. शेवटी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, त्यांच्या कानाशी. मुलगी बसली तर बसू द्या, तिला म्हणायला लावू नका.

शनिवारच्या सभेला जायचे की नाही हा निर्णय तुमचा आहे. तिथल्या बायकांची सोबत आधाराची वाटत असेल तर जा, आणि स्तुतीच्या वेळी गाता आले नाही तर गप्प बसा. इतर गातात तेव्हा त्यांच्या गाण्यात टेकून बसणे हीसुद्धा मंडळीत सामील होण्याची रीत आहे. मात्र त्या भावांशी एकदा बोला, एकट्या नको, तुमच्या पाळकांना किंवा थोरल्या दिरांना बरोबर घेऊन, आणि सांगा की ते वाक्य मला फार लागले. ते पुन्हा तसेच म्हणाले तर जाणे थांबवा. औषधे आणि व्यायाम कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. कोणी तसे सुचवले असेल तर तो माणूस पुन्हा घरात घेऊ नका.

यजमानांच्या ओठांविषयी तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिले आहे, पण मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. उजवी बाजू आणि वाचा एकदम गेली म्हणजे बहुधा आघात मेंदूच्या डाव्या भागात झालेला असतो, आणि अशा काही रुग्णांना बोलता येत नसले तरी पाठ असलेली गाणी शब्दांसह म्हणता येतात, हे वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. अठराव्या शतकात स्वीडनमध्ये अशाच एका माणसाची नोंद झाली आहे. त्याला बोलता येत नसे, परंतु आजारापूर्वी पाठ केलेली उपासनेची गीते तो म्हणू शके. प्रत्येकाला हे जमते असे नाही, आणि मी तुम्हांला खोटी आशा देत नाही. पण वाचेवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना ही ओठांची गोष्ट अवश्य सांगा, कारण गाण्याच्या आधाराने बोलणे परत आणण्याची एक उपचारपद्धतीही आहे. घरी तुम्ही एवढे करा: सासऱ्यांच्या गीतांच्या वहीतले किंवा ‘उपासना संगीता’तले त्यांचे आवडते गीत काढा, त्यांच्या समोर बसा, त्यांना तुमचे तोंड दिसेल असे, आणि पहिली ओळ अगदी संथ म्हणा. तुमचा घसा दाटला तर मध्येच थांबा आणि पुढचा शब्द त्यांच्यासाठी मोकळा ठेवा.

कोणत्या गीताला ओठ हलतात, तेवढे पुढच्या पत्रात कळवा.

तुमची,
ताई